सात डीव्हीडी, पाचशे रुपये आणि आमच्या बेडरूमचा डाग

नौपाड्यातल्या एका बोळात कॅसेटच्या काळापासून चालत आलेली एक व्हिडिओ लायब्ररी यंदाच्या जूनमध्ये बंद झाली. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मालक म्हातारे आहेत. मी तिथे सिनेमे आणायला गेलोच नव्हतो. गाळा विकायचा होता, मागच्या भिंतीला ओल होती, आणि गिऱ्हाईक यायच्या आत भिंत कोरडी दिसायला हवी होती, म्हणून मला बोलावलं होतं. माझा धंदाच तो. एकवीस वर्षं ठाण्यात गळतीची कामं करतो. गच्च्या, नहाण्या, टाक्या, डक्ट, जिथे पाणी नको तिथे आलेलं पाणी.

काकांनी कोपऱ्यातला एक खोका पायाने पुढे सरकवला. "हे जपानी भुताचे. कुणी नेलेच नाहीत. आणि हे अमेरिकन, त्याच गोष्टी परत काढलेल्या. जोडीने घेऊन जा." मी म्हटलं, काका, मला कुठे वेळ? तर एक डबी हातात देत म्हणाले, "ही बघा, तुमच्या कामाची. छतातून पाणी गळतं." तिथे मी गेलो कामातून.

सात डिस्क, पाचशे रुपये. 'रिंग' दोन्ही देशांचा, 'डार्क वॉटर' दोन्ही देशांचा, 'जु-ऑन' आणि त्याचाच अमेरिकन 'द ग्रज', आणि 'काइरो' नावाचा एक सुटा जपानी. डीव्हीडीला देशांप्रमाणे विभाग पाडलेले असतात. भारताचा पाच, जपानचा दोन, अमेरिकेचा एक. त्यामुळे भलत्या विभागाची डिस्क भलत्या प्लेअरवर चालत नाही. माझा प्लेअर मेव्हण्याने मस्कतहून आणलेला आहे, तो सगळं खातो. तुमचा खात नसेल तर असला खोका घेऊ नका. आणि शेवट सगळे सांगणार आहे. वीस-पंचवीस वर्षं झाली या सिनेमांना, आता काय लपवायचं.

पहिला अर्थातच गळतीचा लावला. 'डार्क वॉटर', 2002 चा, दिग्दर्शक हिदेओ नाकाता. घटस्फोटाच्या कज्ज्यात अडकलेली आई, पाच-सहा वर्षांची लेक, आणि मुलीचा ताबा मिळवायचा तर डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून घाईघाईत भाड्याने घेतलेला एका जुनाट बिल्डिंगमधला फ्लॅट. नंबर 305. त्याच्या डोक्यावर 405. आणि मग छतावर डाग उमटतो.

तो डाग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. बायको वैतागली, "अहो, सिनेमा बघताय की साइट व्हिजिट?" पण डाग खरा आहे हो. गळतीचा डाग एकदम काळा पडत नाही. आधी छताचा रंग जरासा बदलतो, पांढऱ्या चादरीवर चहा सांडून वाळल्यासारखा. मग कडेने तपकिरी रेघ धरते, कारण पाणी सुकताना बरोबर आणलेला क्षार कडेला नेऊन टाकतं. मग मधला भाग फुगतो, रंगाचा पोपडा सुटतो, आणि त्यानंतर थेंब. थेंब लगेच पडत नाही, लोंबकळतो. खाली झोपलेल्या माणसाला तो पडण्यापेक्षा लोंबकळण्याचा त्रास जास्त. नाकाताला हे कुणीतरी सांगितलं असणार, किंवा त्याच्या घरी गळत असणार. कॅमेरा वर वळला की दर वेळी डाग थोडा वाढलेला. आरडाओरडा नाही, ढॅणढॅण संगीत नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या घरी असाच वाढतो तो, गणपती येईपर्यंत.

अमेरिकन 'डार्क वॉटर' 2005 चा. वॉल्टर सालेसने काढला, नायिका जेनिफर कॉनेली. बिल्डिंग न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर, हे घर 9एफ आणि वरचं 10एफ. आमच्या मिस्त्रीला त्यातलं पाणी दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, साहेब, ही स्लॅबची गळती नाही, ड्रेनेजची लाइन फुटलीय. काळं, दाट पाणी. छत काळं, कपडे धुवायच्या मशीनमधून येतं तेही काळं. असलं पाणी बघून भीती वाटत नाही, फोन करावासा वाटतो.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट अशी की डाग दिसतो तिथून पाणी येतंच असं नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळईच्या कडेकडेने सरकत जातं आणि जिथे भेग मिळेल तिथे उतरतं. पाचपाखाडीत एका घरी हॉलच्या मधोमध, पंख्याच्या हुकातून थेंब पडायचे. पाणी येत होतं पंधरा फुटांवरच्या नहाणीतून. पण गिऱ्हाइकाला हे ऐकायचं नसतं. त्याला एकच हवं असतं, "वरच्यांचीच चूक आहे ना? तसं लिहून द्या." सोसायटीत दाखवायला कागद पाहिजे.

अमेरिकन सिनेमा असा कागद लिहून देतो. वरच्या घरातल्या, टाकीत बुडून भूत झालेल्या पोरीचे आईबाप कोण, ते कसे निघून गेले, त्या दोघांत मुलगी कुणाकडे आहे याचा गोंधळ कसा झाला, केअरटेकरला काय माहीत होतं, सगळं शेवटी पटलावर येतं आणि पोलीस केअरटेकरला घेऊन जातात. नायिकेच्या लहानपणाचीही फाइल उघडते. जपान्यांकडेही कारण आहेच. शाळेतून न्यायला कुणी न आलेली पोरगी, तिचं लाल दप्तर, उघडी राहिलेली टाकी. पण ते कळून काही फिटत नाही. डाग तसाच. कुणाच्या नावावर बिल फाडायचं, हा प्रश्नच सिनेमा घेत नाही.

टाकीबद्दल एक सांगतो. जपानी सिनेमात आई गच्चीवर जाते तेव्हा तिच्या लक्षात येतं की टाकी शेवटची ज्या तारखेला साफ केली, त्याच तारखेपासून ती मुलगी बेपत्ता आहे. मी खुर्चीत सरळ बसलो. आम्हीही टाकी धुतली की बाहेर रंगाने तारीख लिहितो. वर्तकनगरला एकदा तारीख लिहिलेली टाकी उघडली, झाकण एका कोपऱ्यात तुटलेलं, आत कबुतर. किती दिवस होतं देव जाणे. वरून पाणी अगदी नितळ दिसत होतं. सगळी बिल्डिंग तेच पीत होती. फक्त पहिल्या मजल्यावरच्या एक आजी म्हणत होत्या की चहाला वास येतो, आणि घरचे त्यांनाच हसत होते. झाकण नव्वद टक्के लोक नीट लावत नाहीत. हा माझा अंदाज, पण एकवीस वर्षांचा.

अमेरिकन बाजूनेही एक गोष्ट कबूल करतो. त्यातला घर दाखवणारा एजंट, जॉन सी. रायली, हा माणूस घोडबंदर रोडला असे दहा भेटतील इतका अस्सल आहे. तोंड बंद नाही, आणि गळतीचं नाव काढलं की ते केअरटेकरचं काम. केअरटेकर म्हणजे पीट पोस्टलथ्वेट, तो ते काम आणखी कुणाकडे तरी ढकलणार. हे दोघं असताना मला भूत नको होतं. मी दिवसभर अशांशीच बोलतो.

शेवटावरून घरात भांडण झालं. जपानी सिनेमात लिफ्टमध्ये आई त्या मेलेल्या पोरीला पोटाशी धरते, कारण नाहीतर ती हिच्या लेकीला सोडणार नाही. सख्खी लेक दारापलीकडे उभी. लिफ्ट वर जाते, लेक जिन्याने धावत वर पोचते, दार उघडतं, आणि आतून गढूळ पाण्याचा लोंढा. आई नाही. दहा वर्षांनी मुलगी त्या घरी परत येते तर आई तिथेच आहे, पण थोडाच वेळ. मी जागेवरून हललो नाही. अमेरिकन शेवटात आई लेकीला लिफ्टमध्ये भेटते आणि तिची वेणी घालते. मी म्हटलं, हे उगाच गोड केलंय. बायको म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय. तिने वेणी तरी घातली." डोळे पुसून आत गेली. त्यामुळे या जोडीत आमच्या घरी एक-एक मत.

तक्रार इथेच सांगून टाकतो. हा अमेरिकन 'डार्क वॉटर' अर्ध्यावर अडकला. चित्र चौकोन चौकोन होऊन थिजलं. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो तर काका म्हणाले, "विकलेला माल परत नाही, पाटी वाचली नाहीत का?" पाटी माझ्याच ओल आलेल्या भिंतीवर होती आणि मी ती काढून खाली ठेवली होती. काय बोलणार. घरी बायकोने भांड्याच्या साबणाच्या पाण्याने डिस्क धुतली, मऊ कपड्याने मधून कडेकडे पुसली, गोल गोल नाही, आणि चालली.

'रिंग'ची जोडी मात्र तोडीस तोड आहे. जपानी 1998 चा, नाकाताचाच, कोजी सुझुकीच्या कादंबरीवरून. अमेरिकन 2002 चा, गोर व्हर्बिन्स्कीचा, नायिका नेओमी वॉट्स. एक व्हिडिओ कॅसेट, ती पाहिली की फोन येतो, सात दिवसांनी माणूस मरतो. आमच्या लेकीला आधी कॅसेट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. "म्हणजे फॉरवर्ड केलेला मेसेजच की रे बाबा," ती म्हणाली. तसंच आहे. जीव वाचवायचा असेल तर कॉपी करून दुसऱ्याला दाखवायची.

यातही विहीर आहे, घराच्या खाली गाडलेली, आणि तिथे दोन्ही देश आपापल्या वळणावर जातात. अमेरिकन नायिका विहिरीत पडते. धाडकन, वरून टीव्हीचा धक्का लागून. जपानी नायिका आणि तिचा आधीचा नवरा विहीर उपसतात. बादलीने. तो खाली उतरून भरतो, ती वरून दोर ओढते, हाताला फोड येईपर्यंत, मुदत संपत आलेली, आणि पाणी काही हटत नाही. मी दीड एचपीचा पंप लावला असता. पण ती उपसणी बघताना माझेच खांदे भरून आले. भुताच्या सिनेमात अंगमेहनत दाखवणारा हा मी पाहिलेला एकमेव. मग ती खाली उतरते, तिच्या हाताला केस लागतात, कवटी लागते, आणि ती त्या सांगाड्याला जवळ घेते. आपल्याला वाटतं, चला, सुटलं. आणि सुटलेलं नसतं.

सदाको, म्हणजे जपानी 'रिंग'मधलं विहिरीतलं भूत, टीव्हीतून बाहेर येते तो प्रसंग जगजाहीर आहे, लेकीने त्याचे तुकडे मोबाइलवर पाहिलेलेच होते. तरी ती उशी धरून बसली. त्या चालीची गंमत अशी की नटी उलटी चालली आणि फिल्म उलटी फिरवली. म्हणून पाय पुढे पडतात पण अंग मागे ओढल्यासारखं वाटतं. माझी आजी चिपळूणची. ती सांगायची, बाई दिसली तर तोंड बघू नको, पाय बघ, उलटे असले तर हडळ. मोकळे केस, पांढरं नेसलेली, तोंड झाकलेलं. सदाकोला बघून बायको म्हणाली, "ही तर आपल्यातली." जपान्यांचं भूत चित्रात बहुतेक बिनपायांचं असतं, अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो नावाच्या चित्रकाराने ती रीत रूढ केली म्हणतात. पांढरं वस्त्र आणि सुटे केस, कारण मेलेल्या माणसाला तिकडे पूर्वी तसंच सजवायचे. आणि विहीर तर जुनीच. ओकिकू नावाच्या मोलकरणीची गोष्ट आहे, दहा ताटल्यांतली एक हरवल्याचा आळ घेऊन तिला मारून विहिरीत टाकलं. रात्री विहिरीतून मोजणी ऐकू येते, एक, दोन, तीन... नऊ. पुढे नाही. हिमेजीच्या किल्ल्यात तिची म्हणून विहीर दाखवतात.

अमेरिकन 'रिंग'मध्ये हे सगळं नाही, पण बोटीवरचा घोडा आहे. फेरीबोटीवर एक घोडा नायिकेला पाहून बिथरतो, गाडीचं दार तोडून डेकवर उधळतो आणि शेवटी समुद्रात जातो. हा प्रसंग जपानी सिनेमात नाही आणि मला तो दोन्ही सिनेमांतला सगळ्यात वाईट वाटला, म्हणजे चांगल्या अर्थाने वाईट. जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही, हे दाखवायला एक शब्द खर्च केलेला नाही. हिरवट-निळसर रंगही छान, आपल्याकडच्या जुलैसारखा, चार वाजता दिवा लावावा लागतो तसा. पण मग तीच खोड. भूत झालेल्या मुलीला कुणी दत्तक घेतलं, दवाखान्यात तिच्यावर काय काय तपासण्या झाल्या, फायलींवर फायली. आणि पहिल्या बळीचा चेहरा कपाटात झटकन दाखवून टाकतात. मेकअप रिक बेकरचा, काम उत्तम, पण दाखवला की संपलं. जपानी सदाकोचा दिसतो तो फक्त एक डोळा.

आवाजाबद्दल एक सूचना, ज्यांच्या भिंती पातळ आहेत त्यांच्यासाठी. अमेरिकन सिनेमात बोलणं इतकं हळू की आवाज वाढवावा लागतो, आणि मग दचकवायची वेळ आली की अख्खा मजला दचकतो. शेजारच्यांनी बेल वाजवली. जपानी सिनेमे मी एकाच आवाजावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले.

'जु-ऑन' आणि 'द ग्रज' यांच्यावर फार लिहीत नाही, कारण दोन्ही एकाच माणसाचे, ताकाशी शिमिझूचे. 2002 चा जपानी, 2004 चा अमेरिकन पैशांचा. भुताचं काम करणारी बाई तीच, तो पांढरा पोरगा तोच, शहरही टोकियोच. भाडेकरू तेवढे अमेरिकन. रागाने मेलेल्या माणसाचा राग घराला चिकटतो आणि उंबरा ओलांडेल त्याला धरतो, एवढीच गोष्ट. त्याने काही केलेलं असो वा नसो. आपल्याकडेही अकरा महिन्यांचा करार करायच्या आधी लोक वॉचमनला हळूच विचारतातच, "घरात काही झालेलं नाही ना?" जपानी सिनेमा एकेका बळीच्या नावाने तुकड्या-तुकड्यांत येतो, काळ मागेपुढे, मला दोनदा पाहावा लागला. अमेरिकन थोडा सरळ केलाय, पण भूत तेच राहिल्यामुळे फारसं बिघडलेलं नाही. लिफ्ट वर जाताना काचेतून प्रत्येक मजल्यावर तो पोरगा उभा दिसतो, आणि आतल्या बाईला दिसत नाही. आमच्या लिफ्टलाही तशीच उभी काच आहे. लेक आठवडाभर जिन्याने गेली. पाचवा मजला. पांघरुणाखालच्या प्रसंगाबद्दल काही सांगत नाही, कारण पांघरूण ही शेवटची सुरक्षित जागा असते आणि ती तुमच्याकडून मी का काढून घेऊ.

'काइरो' 2001 चा, कियोशी कुरोसावाचा. या डिस्कवर सबटायटल्सच नाहीत. अख्खा सिनेमा न समजलेल्या जपानीत पाहिला. दारांना लाल चिकटपट्ट्या, रिकाम्या खोल्या, आणि एका खोलीत एक बाई लांबून चालत येते आणि मध्येच तिचा तोल जातो. एवढंच. चालता चालता लचकते. मला तेव्हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं होतं, गेलो नाही. 'द ग्रज' भाषा बंद करून पाहिला असता तर काय उरलं असतं, असा विचार आला, मग तोही पाहिला तसा दहा मिनिटं. उरतं, पण कमी.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा विनोद वाटली होती. जपानात भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगायच्या, अंगावर शहारा आला की गारवा वाटतो म्हणून. नंतर कळलं की खरंच काबुकी या तिकडच्या जुन्या नाटकप्रकारात भुताची नाटकं उन्हाळ्यात लावायची रीत होती, आणि पितर घरी येतात तो ओबोनही उन्हाळ्यातलाच. अमेरिकन भुताचा हंगाम ऑक्टोबर, भोपळे पोखरायचा. आपल्याकडे दमट उकाड्यात ही युक्ती चालते का ते मे महिन्यात परत लावून बघणार आहे. पावसात लावू नका. निदान छतावर डाग असेल तर नकोच.

आमच्या आहे. गळतीवाल्याच्या बेडरूममध्ये गळती, हसा खुशाल. दोन वर्षं झाली. मी दोन वर्षं वरच्या काकूंच्या नहाणीवर बोट ठेवत होतो, सोसायटीच्या दोन मीटिंगमध्ये तसं बोललोही. त्या म्हणायच्या, "माझी नहाणी कोरडी ठणठणीत आहे." 'डार्क वॉटर' पाहिल्यावर मी वर गेलो आणि म्हटलं, काकू, एकदा टेस्ट तरी करू. नहाणीचं तोंड गोणपाटाने बंद केलं, चार बोटं पाणी साठवलं, त्यात रंग टाकला, आणि अठ्ठेचाळीस तास थांबलो. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ. काकू तेवढे दिवस शेजारी आंघोळीला गेल्या.

सोमवारी स्टूलवर चढून डागाला हात लावला. ओला होता, पण रंग नव्हता. पाणी दुसरीकडून कुठून तरी येतंय. बायको खालून म्हणाली, "आपला डाग जपानी निघाला." मी उतरलो, गोखले रोडवरून पाव किलो पेढे आणले आणि काकूंच्या दाराची बेल वाजवली.